खोलीला मालकाचं कुलूप लागलं, त्या दिवसापासून सहा महिने

शिरूर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या आणि त्यांचे पती रांजणगाव एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहेत. जवळच्या गावात त्यांनी पत्र्याची खोली घेतली होती. भाडं ४,००० रुपये, डिपॉझिट २०,०००, कागद कसलाच नाही. १७ ऑक्टोबर २०२५ ला दिवाळीसाठी परभणीकडे गावी गेले आणि २८ ला परतले, तर दाराला मालकाचं कुलूप आणि सामान गोठ्यात टाकलेलं. मालकाला जास्त भाडं देणारा मिळाला होता. तेव्हापासून हे कुटुंब दिरांच्या एका खोलीत दाटीवाटीनं राहतंय. ताई विचारतात : डिपॉझिट कसं मिळेल, कागद नसताना आमचा काही हक्क आहे का, आणि आमच्या पगारात परवडेल अशी भाड्याची खोली देणारी सरकारी योजना आहे का?

चाकण, सुपे, वाळूज, जिथे जिथे गावांना कारखाने चिकटलेत तिथून अशीच पत्रं येतात. नावं बदलतात, कुलूप तेच असतं. घरमालकानं असं वागू नये वगैरे मी लिहीत बसत नाही. ताईंनी न विचारलेली गोष्ट आधी सांगतो, कारण सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ याचं कलम ६ सांगतं की, एखाद्याच्या ताब्यातली स्थावर मिळकत त्याच्या संमतीशिवाय आणि कायद्याचा मार्ग सोडून काढून घेतली, तर तो ताबा परत मागण्यासाठी दावा लावू शकतो. मालकी कोणाची, हा प्रश्न त्यात येत नाही. तुम्ही राहत होता आणि तुम्हाला जबरदस्तीनं बाहेर काढलं, एवढंच सिद्ध करायचं असतं. 'कागद नाही' या भीतीनं तुम्ही पाच महिने न्यायालयात गेला नाहीत, पण या दाव्याला भाडेकराराचा कागद लागतच नाही.

लागते ती तारीख. ताबा गेल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल झालाच पाहिजे. त्यानंतर कलम ६ चं दार बंद. उशीर माफ करण्याची जी तरतूद मुदत कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे, ती अपिलांना आणि अर्जांना लागू होते, दाव्यांना नाही. आजारपण, गरिबी, सरपंचांनी दिलेला शब्द, यातलं कोणतंही कारण न्यायाधीशांच्या हातात मुदत वाढवण्याचा अधिकार देत नाही.

आता तुमचा हिशोब. तुम्हाला वाटतं २८ ऑक्टोबरपासून मोजायचं, कारण कुलूप त्या दिवशी दिसलं. मालकाचा वकील उभा राहून म्हणेल की कुलूप १८ लाच लावलं होतं, आणि शेजारचा एखादा साक्षीदार तसं सांगेलही. त्यामुळे तुम्ही निघालात तो १७ ऑक्टोबर धरा. म्हणजे १७ एप्रिल २०२६. मध्ये १४ एप्रिलची सुटी आहे, शनिवार-रविवार आहेत. तुमचं पत्र मार्चच्या शेवटच्या आठवड्यातलं आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच दावा शिरूरच्या दिवाणी न्यायालयात दाखल व्हायला हवा.

पाच महिने कुठे गेले, ते तुमच्याच पत्रात आहे. आधी पोलीस ठाणं. तिथे 'ही दिवाणी बाब आहे' असं सांगून अदखलपात्र नोंद (एनसी, म्हणजे जिच्यावर पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत ती तक्रार) हातात दिली. मग सरपंच, मग तंटामुक्त समितीच्या तीन बैठका आणि प्रत्येक बैठकीला 'पुढच्या महिन्यात बघू'. गावात तंटे मिटावेत म्हणून ही मोहीम २००७ मध्ये सुरू झाली. तिचा उपयोग मी नाकारत नाही, पण समितीसमोर बसल्यानं मुदतीचं घड्याळ एक दिवसही थांबत नाही. वकिलाच्या नोटिशीनंही थांबत नाही. म्हणून 'आधी नोटीस पाठवू, पंधरा दिवस वाट बघू' असं कोणी सुचवलं, तर ऐकू नका. खाजगी मालकाविरुद्धच्या या दाव्याआधी नोटीस देण्याची सक्ती नाही. माणसं मिळेल त्या ओट्यावर न्याय मागत फिरतात आणि न्यायालयाची पायरी शेवटी चढतात, याचा मला खरंच राग येतो. तो तुमच्यावर कमी आणि तुम्हाला 'दिवाणी बाब' एवढंच सांगून, दिवाणी न्यायालयात किती दिवसांत जायचं हे न सांगणाऱ्यांवर जास्त आहे.

ती अदखलपात्र नोंद मात्र जपून ठेवा. तिच्यावर तारीख आहे. बाकी पुरावा म्हणजे भाडं फोनवरून पाठवलं असेल त्याचा बँकेचा शिक्का असलेला खातेउतारा, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, गॅस सिलिंडरची पावती, कंपनीकडे दिलेला पत्ता, गोठ्यातल्या सामानाचे फोटो. फोटो आणि मेसेज मूळ फोनमध्येच राहू द्या. ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील तयार करतील. एका शेजाऱ्यानं साक्ष दिली तरी मोठं बळ मिळेल.

पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, ती वाचून मी थांबलो. मालकानं सरपंचांमार्फत निरोप पाठवला आहे की पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सही करा आणि १०,००० घेऊन जा. त्या कागदावर 'आम्ही खोली राजीखुशीने खाली केली' असं लिहिलेलं आहे. त्यावर सही करू नका. कलम ६ चा सगळा भार 'संमतीशिवाय' या शब्दावर आहे आणि ती ओळ तेवढाच शब्द पुसून टाकते. अर्ध्या डिपॉझिटसाठी दावा विकला जाईल. डिपॉझिटची घाई मुळीच नाही, ते पैसे मागायला कायदा साधारण तीन वर्षं देतो.

मालक म्हणेल की तुम्ही भाडेकरू नव्हता, नुसते परवानगीनं राहत होता. हा बचाव कितपत टिकेल, हे पुराव्यावर ठरेल. पण १९८९ मध्ये कृष्णा राम महाले यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं परवान्याची मुदत संपलेल्या व्यक्तीलाही परस्पर बाहेर काढता येत नाही, असं ठरवलं आहे, ते तुमच्या वकिलांनी जरूर दाखवावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ तुमच्या गावाला लागू आहे का, यावर मी इथून बोलणार नाही. तो कायद्याला जोडलेल्या यादीतल्या (अनुसूचीतल्या) आणि जुने भाडेकायदे ज्या भागांत होते तिथल्या जागांना लागू होतो, आणि बऱ्याच ग्रामपंचायती त्यात येत नाहीत. न आल्यास मालमत्ता हस्तांतरण अधिनियम लागतो, आणि त्याच्या कलम १०६ प्रमाणे महिन्याच्या भाडेकरूलाही काढण्याआधी पंधरा दिवसांची नोटीस लागते. तुम्हाला तीही मिळाली नाही.

आज त्या खोलीत जो राहतो, त्यालाही प्रतिवादी करा. अंतरिम अर्जात, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या आदेशासाठीच्या अर्जात, खोली आणखी कोणाला देऊ नये, एवढं तरी मागा. लगेच ताबा मिळेल अशी आशा मी दाखवत नाही. कलम ६ च्या निकालावर अपील नाही, म्हणजे हा दावा झटपट निघावा असा कायद्याचा हेतू. तालुक्याच्या न्यायालयात प्रत्यक्षात तो वर्षानुवर्षं रेंगाळतो, आणि रोज हजेरीवर जगणाऱ्या माणसाचा प्रत्येक तारखेला एक दिवसाचा पगार बुडतो. तरीही दाखल करा. दावा मुदतीत असेल, तर लोक अदालतीत पूर्ण डिपॉझिट आणि वर नुकसानभरपाई मागण्याची ताकद तुमच्याकडे राहते. मुदत गेली, की मालक देईल ते घ्यायची वेळ येते.

वकिलाच्या फीची चिंता लिहिली आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी तिचं उत्पन्न बघितलं जात नाही. म्हणून अर्ज तुमच्या नावानं करा, वादी म्हणून तुमचंही नाव असू द्या. कोर्ट फी भरण्याची मदतही त्यातच मागता येते. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या इमारतीतच भेटेल. १५१०० वर फोन करूनही विचारता येतं.

योजनेचं उत्तर मन मोडणारं आहे. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आली, ती शहरी आवास योजनेखाली. ग्रामीण आवास योजना घर बांधायला सपाट भागात १,२०,००० रुपये देते, तेही तुमच्या मूळ गावच्या यादीत नाव असेल तर. गावात येऊन भाड्यानं राहणाऱ्या कामगारासाठी तिच्यात काहीच नाही. कारखाने ग्रामपंचायतीच्या हद्दीत उभे राहिले, त्यांत राबणाऱ्यांच्या घरांचा विचार मात्र शहरापुरताच झाला. परभणीकडच्या ग्रामपंचायतीत तुमचं नाव यादीत आहे का, ते विचारून ठेवा. इथली खोली शोधायची तर ती बाजारातच.

पुढची खोली घेताना लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवून घ्या. ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी ५०० रुपये आहे आणि इतक्या कमी भाड्यावर मुद्रांक शुल्कही थोडंच येतं. एजंट जास्त सांगेल, त्याच्याशी घासाघीस करा. करारात डिपॉझिटची रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहा, आणि 'ताबा परत देताना त्याच दिवशी डिपॉझिट परत' ही ओळ घालायला लावा. मालक नोंदणीला तयार नसेल, तर निदान डिपॉझिट रोख न देता बँकेतून द्या.

पण हे सगळं नंतर. आधी उद्या सकाळी अदखलपात्र नोंदीची प्रत, पासबुक आणि तो फोन घेऊन शिरूरला विधी सेवा समितीत जा, आणि अर्जावर पहिल्याच ओळीत लिहा : ताबा गेल्याची तारीख १७ ऑक्टोबर धरावी, मुदत १७ एप्रिलला संपते.