आमच्या गावात मका नेमका कधी आला?

प्रश्न : नमस्कार. ग्रामपंचायतीच्या स्मरणिकेसाठी गावातल्या पिकांवर लिहायचंय. आजी म्हणते मका ७२ च्या दुष्काळात रेशनवर आला, चुलते म्हणतात दूध संस्था निघाल्यावर. खरं काय धरायचं? आणि जुनी माहिती कुठं मिळेल? – एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : चुलत्यांचं जास्त बरोबर वाटतंय. ७२ ला रेशनवर आला तो मिलो, म्हणजे लाल अमेरिकन ज्वारी. मका मूळचा मेक्सिकोचा, आणि भारतात तो १६ व्या शतकात पोर्तुगीजांमार्फत आला असं बहुतेक अभ्यासक धरतात. पण देशात आला म्हणून लगेच करवीरच्या शिवारात आला असं नाही ना.

आपल्याकडं खायला भात नि ज्वारी, पैसा उसाचा, मग मक्याला सबंध रान देतंय कोण? परड्यात चार ताटं, बांधाकडंला एखादी ओळ, पोरांनी कणसं भाजून खायची, झालं. १९६१ पासून देशात गंगा, रणजित, डेक्कन अशी हायब्रीड बियाणं निघाली, पण आपल्या भागात मक्याला खरा भाव दिला तो म्हशींनी! १९६३ ला गोकुळ दूध संघ सुरू झाला, पुढं गावोगावी संस्था निघाल्या, गोठे वाढले आणि मग प्रश्न आला वैरणीचा, कारण उसाचं वाडं, म्हणजे वरचे हिरवे शेंडे, मिळणार कारखाना चालू असेपर्यंतच, उन्हाळ्यात घालायचं काय? पाणी असलेल्या तुकड्यात मग आफ्रिकन टॉल आला. माणसाच्या डोक्यावर जाणारा हा वैरणीचा मका, दाणा दुधात असताना कापायचा, उशीर केला की ताट निबर होतं आणि म्हैस नुसती पानं ओरबाडून बाकीचं तुडवते. आता त्याची कुट्टी करून बॅगेत दाबून मुरघास, म्हणजे मुरवलेली वैरण, करतात, साधारण ४५ दिवसांनी उघडायचा, दाबताना हवा राहिली की बुरशी आलीच म्हणून समजा.

दाण्याचा मका कोंबडीखाद्यामुळं वाढला आणि हल्ली इथेनॉलवाले पण घेतात. मध्ये २०१८ ला कर्नाटकातून लष्करी अळी आली, पोंगा, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांचा गुंडाळा, उघडला की आत भुश्शासारखी घाण, ते मात्र स्मरणिकेत जरूर घ्या, शेतकरी विसरलेले नाहीत.

माहितीसाठी तलाठ्याकडं गाव नमुना १२ चे जुने उतारे मागा, त्यात गटवार पिकं असतात. पण एक लक्षात ठेवा, दोन-चार गुंठ्यांतली वैरण बऱ्याचदा नोंदलेलीच नसते, त्यामुळं कागदावर मका नाही म्हणजे गावात नव्हता असं लिहून मोकळे होऊ नका. दूध संस्थेचं जुनं दप्तर बघा. आणि आजीला मका कधी आला हे विचारूच नका, गोठ्यात पहिली जर्सी गाय कधी आली ते विचारा, मक्याचा काळ त्याच्याच आसपास सापडेल.