पुतोरानात शिखर शोधू नका, दऱ्या बघा

तुम्ही विचारलंय, उत्तर सैबेरियातल्या पुतोराना पठाराचे फोटो थेट सह्याद्रीसारखे का दिसतात आणि तिथलं 'कळसूबाई' कोणतं.

दिसणारच! दोन्हीकडे थरावर थर साचलेला बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक आहे. आपला लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तिथला २५ कोटी वर्षांपूर्वीचा, पर्मियन कालखंड संपतानाचा. कड्यावरच्या आडव्या पट्ट्या नीट बघा. टणक थराचा उभा कडा, खाली झिजलेल्या थराचा उतार, पुन्हा कडा. हरिश्चंद्रगडाच्या बाजूला उभं राहिल्यासारखं वाटतं. फक्त उतारावर कारवीऐवजी लार्च या सूचीपर्णी वृक्षाची विरळ झाडी, आणि थोडं वर गेलं की तीही संपते. मग नुसते धोंडे आणि शेवाळ.

सर्वोच्च जागा १७०० मीटरच्या आसपास, म्हणजे कळसूबाईपेक्षा (१६४६ मीटर) किंचित उंच. पण तिथे सुळके नाहीत, माथे टेबलासारखे सपाट. त्यामुळे शिखरांची यादी करून हाती फारसं काही लागत नाही.

खरा फरक दऱ्यांमध्ये आहे. आपल्या दऱ्या पावसाने आणि ओढ्यांनी कोरल्या, म्हणून तळाशी चिंचोळ्या. तिथे हिमयुगातल्या हिमनद्यांनी दरी खरवडून काढली: तळ रुंद, बाजू उभ्या. बर्फ वितळल्यावर त्यांत पाणी साचलं. लामा, केता, खांतायका ही सरोवरं नकाशावर लांबट, अरुंद दिसतात ती याचमुळे. खांतायका तर ४०० मीटरहून खोल आहे. सॅटेलाइट नकाशा उघडाल तेव्हा आधी ही निळी बोटं शोधा, पठाराची रचना आपोआप कळते. (विवी सरोवरही बघून घ्या, रशियाचा भौगोलिक मध्यबिंदू त्याच्या काठी मानतात.)

धबधब्यांचंही तसंच. आपले जून ते सप्टेंबर पावसावर वाहतात, तिथे उन्हाळ्यात बर्फ वितळला की जोर येतो. जमीन खाली कायम गोठलेली, पाणी मुरायला जागाच नाही.

माणसं जवळपास नाहीतच. पठाराचा काही भाग १९८८ पासून संरक्षित, २०१० पासून जागतिक वारसा. रेनडियरचे कळप स्थलांतर करताना इथून जातात. पश्चिमेला नोरिल्स्क शहर आहे, ज्याचं निकेल त्याच जुन्या ज्वालामुखी घडामोडीतून आलं. उर्वरित रशियाशी त्याला जोडणारा रस्ता नाही, रेल्वे नाही. विमानाने किंवा येनिसेई नदीवरच्या दुदिंका बंदरातून जावं लागतं. परदेशी नागरिकांना शहरात शिरायलाही वेगळी परवानगी लागते, तेव्हा तिकीट काढण्याआधी ती हातात घ्या.