'देवाला आज्ञाधारक' नाही हो, देवाचं ऐका!

प्रश्न असा आलाय: "ख्रिस्ती प्रवचनांत 'देवाला आज्ञाधारक राहा' असं नेहमी कानावर येतं, ते बरोबर आहे का? की 'देवाची आज्ञा पाळा' म्हणायचं? आणि आज्ञाधारक आणि आज्ञांकित यांत फरक काय?"

पहिल्याचं उत्तर, नाही, बरोबर नाही. हे 'देवाला आज्ञाधारक' ऐकून ऐकून कान किटलेत माझे. आज्ञा कुणाची, तर देवाची, मग आज्ञाधारकही देवाचाच ना? शाळेच्या अर्जाखाली आपण सगळ्यांनी 'आपला आज्ञाधारक' लिहिलंय, 'आपल्याला आज्ञाधारक' कुणी लिहिलंय का कधी? तो 'ला' म्हणजे 'ओबीडियंट टू गॉड' मधला 'टू' आहे, उचलला आणि चिकटवला, बस.

आज्ञा म्हणजे काय, पालन म्हणजे काय, ते कोशात बघा, त्यात काही गंमत नाही. गंमत आहे ती आपल्या साध्या 'ऐकणे'मध्ये. "पोरगं अजिबात ऐकत नाही" म्हटल्यावर त्याला कुणी कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही. आणि व्याकरण बघा, 'आईचा आवाज ऐकला' म्हणजे फक्त कानावर पडला, पण मधलं नाम काढून टाकून 'आईचं ऐकलं' म्हणा, लगेच आज्ञा पाळली असा अर्थ होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात १७व्या अध्यायात डोंगरावर येशूबद्दल ढगातून वाणी होते ती मराठी बायबलात 'ह्याचे तुम्ही ऐका' अशी आहे, आणि मूळ ग्रीकमध्येसुद्धा तिथे षष्ठीच आहे! 'आकूएते औतू', यातलं 'औतू' म्हणजे शब्दशः 'त्याचं'. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून घरभर फिरलो होतो.

हिब्रूत तर पाळण्यासाठी सगळ्यात जास्त चालणारा शब्दच 'शमा' म्हणजे ऐकणे. अनुवादात 'हे इस्राएला, श्रवण कर' येतं तिथला हाच शब्द. ग्रीकमध्ये आज्ञापालनाला 'हुपाकोए', त्यातही 'आकूओ' म्हणजे ऐकणेच बसलंय. लॅटिनमध्ये 'ओबोएदिरे', त्यात 'आउदिरे', परत ऐकणे, आणि इंग्रजांचं 'ओबे' तिथूनच आलंय. म्हणजे ज्या इंग्रजीतून आपण तो 'ला' आणतो तिच्या पोटातही कानच आहे.

'हुपाकोए'चं क्रियापद बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात १२व्या अध्यायात फार गोड जागी येतं. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगातून सुटून रात्री दार ठोठावतो, रुदा नावाची मुलगी 'कोण आहे' बघायला येते, त्या 'ओ द्यायला येण्याला' हेच क्रियापद वापरलंय. म्हणून माझं मत असं की याला मराठीत सगळ्यात जवळचं काही असेल तर ते हाकेला ओ देणं. (रुदाने आवाज ओळखला आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळाली ही गोष्ट वेगळी, पेत्र बाहेर ठोठावत बसला बिचारा.) आणि रोमकरांस पत्र ५:१९ मध्ये आदामाच्या आज्ञाभंगाला शब्द आहे 'पाराकोए', म्हणजे वाकडं ऐकणं, ऐकून न ऐकल्यासारखं करणं. आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहे, कानाडोळा! एकाच वाक्यात आदामाचा कानाडोळा आणि ख्रिस्ताचं ओ देणं. आता यापुढे 'आज्ञापालन' किती कोरडं सरकारी वाटतं सांगा.

इथे कुणीतरी बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांना आणणार हे मला माहितीय. बायबलच्या शब्दांची मुळं खणून त्यातून धर्मशास्त्र काढणाऱ्यांना त्यांनी १९६१ मध्ये चांगलं झोडपलंय. ठीक, मुळावरून आजचा अर्थ ठरत नाही, पण मी मूळ कुठे खणतोय, 'त्याचं ऐक' हे आत्ता कुठल्याही घरात चालू असलेलं मराठी आहे. दुसरा आक्षेप जरा बरा आहे, की 'माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे' या पेत्राच्या वाक्यात ग्रीक शब्द 'पेइथार्खेइन' आहे, त्यात कान नाही, अधिकार आहे. बरोबर आहे. पण ते वाक्य न्यायसभेपुढे उभं राहून बोललेलं आहे, तिथे अधिकाराचाच शब्द येणार. आणि 'ऐकणे हा बोलीतला हलका शब्द, देवाला शोभत नाही' म्हणणाऱ्यांना तर उत्तरच देत नाही, पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणायला वर्षं घालवली ती काय उगाच?

आता माझा लाडका शब्द. शुश्रूषा. हो, शुश्रूषा, 'सुश्रुषा' नाही, कृपा करा, दोन्हीकडे 'श' आणि दुसरा दीर्घ. पिण्याची इच्छा पिपासा, जाणण्याची इच्छा जिज्ञासा, तशी 'श्रु' धातूवरून ऐकण्याची इच्छा ती शुश्रूषा, आणि त्यावरून अर्थ झाला सेवा. ज्याला समोरच्याचं ऐकायची ओढ आहे तो सेवा करतो! आणि बायबलातला बाल शमुवेल रात्री देवाची हाक आल्यावर काय म्हणतो? बोल, तुझा दास ऐकतोय. दास आणि ऐकणं शेजारी शेजारी. संस्कृतने एका शब्दात भरलं तेच.

हाच शमुवेल म्हातारपणी शौल राजाला फैलावर घेतो. लढाईत अमालेकी लोकांचं काहीही, गुरंमेंढरंसुद्धा, ठेवू नको असं देवाने सांगितलेलं, आणि शौल म्हणतो मी देवाचं वचन पाळलं. शमुवेल विचारतो, मग ही मेंढरं माझ्या कानात का ओरडतायत? तिथे हिब्रूत मेंढरांच्या ओरडण्याला 'कोल' आहे, आणि देवाच्या वाणीलाही 'कोल'च! यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं हे प्रसिद्ध वाक्य त्याच प्रसंगातलं, आणि तिथे 'पाळणं'च्या जागी मुळात परत 'शमा'. शेवटी शौल कबूल करतो की लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं. पुन्हा तेच क्रियापद, फक्त 'त्यांचं'.

अरे हो, आज्ञांकित राहिलंच. अंकित म्हणजे खूण उमटवलेला, ताब्यातला, मांडलिक राजा अंकित असतो तसा. 'आज्ञाधारक' म्हणजे आज्ञा धरून ठेवणारा, त्यात तो 'धृ' आहे जो ज्ञानेश्वरीच्या 'अवधारिजो जी'मध्ये आहे, आणि तिथेही अर्थ 'लक्ष देऊन ऐका' असाच. दोन्ही चालतात, मी 'आज्ञाधारक' घेतो. फक्त पुढे 'देवाचा' लावा.