दोन दीर्घिका एकमेकींत विलीन होताना नेमके काय घडते? आणि कोट्यवधी वर्षे चालणारी ही घटना कोणीच पाहिलेली नसताना शास्त्रज्ञ ती एवढ्या खात्रीने कशी सांगतात?

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचल्यावर मला उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण हाच आक्षेप मी एकदा भर सभेत ऐकला आहे आणि त्याचे उत्तर तेव्हा पूर्ण करू दिले गेले नाही.

पहिल्या भागाबद्दल थोडक्यात लिहिते. तारे एकमेकांवर आदळत नाहीत. सूर्याचा व्यास सुमारे 14 लाख किलोमीटर आहे आणि त्याला सर्वांत जवळचा तारा सुमारे 40 लाख कोटी किलोमीटर दूर आहे. एवढ्या पोकळीत दोन दीर्घिका सहज एकमेकींच्या आरपार जातात. आदळतात ते वायूंचे मेघ, आणि ते दाबले गेल्यामुळे नवे तारे जन्मण्याचा वेग एकाएकी वाढतो. ताऱ्यांच्या कक्षा विस्कटण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते, आणि खरा पुरावा त्या विस्कटण्यातच आहे.

हौशी आकाशनिरीक्षकांच्या एका मंडळात मी या विषयावर बोलत होते आणि स्वतः लिहिलेला एक छोटा प्रोग्राम पडद्यावर चालवून दाखवत होते. त्यामागची कल्पना आलार आणि युरी टूमरे या खगोलशास्त्रज्ञ भावांची. 1972 साली त्यांनी तेव्हाच्या संगणकावर हेच केले होते. दोन जड बिंदू एकमेकांजवळून जातात, त्यांतल्या एकाभोवती कडी करून फिरणारे वस्तुमानहीन ठिपके म्हणजे तारे, आणि नियम एकच, न्यूटनचा. पाहुणी दीर्घिका, म्हणजे दुसरा बिंदू, जवळ येईपर्यंत कडी जवळजवळ गोलच राहतात. ती सर्वांत जवळ येते तेव्हा या कड्यांची तबकडी किंचित लांबट होते, आणि प्रेक्षकांना वाटते की एवढेच घडणार होते. खरे काम ती दूर जाऊ लागल्यावर दिसते. तिच्या बाजूचे ठिपके तिच्या मागे ओढले जाऊन दोघींमध्ये पूल बांधतात, तर पलीकडच्या बाजूचे ठिपके मागे पडत जातात आणि त्यांची एक लांब, बारीक, वळणदार शेपटी अवकाशात पसरते.

याच क्षणी पहिल्या रांगेतील एक निवृत्त प्राध्यापक उठून म्हणाले, “संगणकाला आपण जे सांगतो तेच तो दाखवतो. समुद्राला भरती आणणाऱ्या बलाने फुगवटा येतो, शेपटी येत नाही. ही शेपटी बाईंनी काढलेली आहे.” सभेने माना डोलावल्या आणि अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला.

हा आक्षेप जुना आहे, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. 1960च्या दशकात काही जाणत्या खगोलशास्त्रज्ञांनाही असे बारीक धागे निव्वळ गुरुत्वाकर्षणातून निघणे अशक्य वाटे आणि ते चुंबकीय बलांकडे बोट दाखवत. मात्र 1972 नंतर तो धरून बसणे म्हणजे न वाचता बोलणे होय. मी त्या प्रोग्राममध्ये शेपटी कुठेही लिहिलेली नव्हती. तबकडीच्या फिरण्याची दिशा उलटी करण्यासाठी फक्त एक चिन्ह बदलावे लागते, आणि ते बदलले की त्याच नियमाने, त्याच अंतरावरून, त्याच वेगाने पाहुणी जाऊनही शेपटी निघत नाही. तबकडी आणि पाहुणी एकाच दिशेने फिरत असतील तर पाहुणी त्याच ताऱ्यांजवळ बराच काळ रेंगाळते आणि ओढ साठत जाते. दिशा विरुद्ध असेल तर ती त्यांच्यावरून झपाट्याने सरकते आणि ओढ विरून जाते.

आकाशही हेच सांगते. अरुंधती केश तारकासमूहातील एनजीसी 4676 (एनजीसी ही खगोलीय वस्तूंची एक सूची) या जोडीतील प्रत्येक दीर्घिकेला स्वतःची एकेक शेपटी आहे. एनजीसी 7252 मध्ये गाभा एकच उरला आहे, पण शेपट्या दोन आहेत. म्हणजे तिथे पूर्वी दोन तबकड्या होत्या. तिच्या शेपट्यांतील हायड्रोजनचा वेग रेडिओ दुर्बिणींनी मोजला, तेव्हा बुडाकडचा वायू परत आत कोसळताना आढळला. 1977 साली आलार टूमरे यांनी अशा 11 जोड्या विलीनीकरणाच्या टप्प्यांप्रमाणे ओळीने मांडल्या. एकच घटना आरंभापासून शेवटपर्यंत पाहावी लागत नाही, ती याच कारणाने.

आता काही मर्यादा सांगायला हव्यात. ठिपक्यांना वस्तुमान नसल्यामुळे माझा प्रोग्राम शेपट्या दाखवतो, विलीनीकरण दाखवत नाही. त्यासाठी दीर्घिकांभोवतीचे कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारे पण गुरुत्वाकर्षण असलेले द्रव्य, हिशेबात घ्यावे लागते, कारण त्यातून जाताना दीर्घिकेची गती कमी होत जाते. या गतिकीय घर्षणाचे गणित सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी 1943 साली ताऱ्यांसाठी मांडले होते. तुल्यबळ दीर्घिकांना एक व्हायला साधारण शंभर ते दोनशे कोटी वर्षे लागतात. शेवटी लंबवर्तुळाकार दीर्घिकाच उरते हेही सरसकट खरे नाही. वायू भरपूर असेल तर तबकडी पुन्हा घडू शकते. आपली आकाशगंगा शेजारच्या देवयानी दीर्घिकेत मिसळणारच, हे वाक्य तर आता वापरू नये, कारण 2025 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार पुढच्या एक हजार कोटी वर्षांत तसे होण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे.

आपल्याला प्रोग्राम लिहिता येत असेल तर चित्रफिती पाहण्यापेक्षा हाच लिहून पाहावा. दोन्ही बिंदूंचे वस्तुमान सारखे ठेवा, ते सर्वांत जवळ येतील तेव्हाच्या अंतराच्या निम्म्याहून थोड्या अधिक त्रिज्येपर्यंत कडी मांडा, आणि प्रथम एकाच दिशेने, मग उलट दिशेने चालवा. कोणी “संगणक सांगू तेच दाखवतो” म्हणाले, तर ते चिन्ह त्यांनाच बदलायला लावा, आणि निकाल पडद्यावर येण्याआधी तो काय असेल हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या.