लिव्ह-इन जोडीदाराच्या फ्लॅटच्या कर्जात मी सहकर्जदार आहे. घरावर माझा हक्क आहे का?

ताई, आधी इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या खरेदीखताचा सरकारी उतारा, काढून बघा. त्यावर तुमचं नाव नसेल, आणि तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे अर्धा हप्ता मात्र पाच वर्षं तुमच्या खात्यातून जात असेल, तर सरळ सांगते: कर्ज तुमचं आहे, घर नाही.

मी बरीच वर्षं गृहकर्जाच्या फाइली हाताळल्या. सहकर्जदार घ्यायचा तो बहुतेकदा पात्रता वाढवायला. दोघांचे पगार धरले की जास्त रक्कम मंजूर होते. त्या सहीनं तुम्ही अर्ध्या नव्हे, सगळ्या कर्जाला बांधल्या गेलात. उद्या त्यानं हप्ते थांबवले तर बँक तुमच्या दारात येईल, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा गुणांक, तुमचाही घसरेल. सही घेताना समोरच्या बाईला हे कुणी समजावून सांगत नसे, याचा मला तेव्हाही राग यायचा.

कायद्याचा आधार अजिबात नाही असं नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात विवाहसदृश नातं येतं. छळ झाला तर त्या घरात राहण्याचा आदेश न्यायालयाकडून मिळू शकतो. पण तो राहण्यापुरता. त्यानं मालकी मिळत नाही, आणि त्याच्या जोरावर बँकेची जप्ती थांबेल असं धरून चालू नका.

मला जास्त काळजी वाटते ती त्याला काही झालं तर काय, याची. तो अविवाहित आहे, मूल नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं फ्लॅट त्याच्या आईकडे जाईल. तुमच्याकडे उरेल ते कर्ज. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव असलं तरी नॉमिनी हा विश्वस्त, मालक नव्हे.

आता नाव चढवणं महाग आहे. महाराष्ट्रात बायकोला राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. तुम्हाला पूर्ण दर. शिवाय प्राप्तिकराच्या व्याख्येत तुम्ही 'नातेवाईक' नाही, म्हणून बक्षीस मिळालेल्या हिश्श्याची किंमत तुमचं उत्पन्न धरली जाईल. घर गहाण असल्यानं बँकेची संमती लागेल ती वेगळीच.

म्हणून या आठवड्यातच त्याच्याकडून मृत्युपत्र करून घ्या. दोन साक्षीदार पुरतात, मुद्रांक लागत नाही. कर्जाला विमा जोडलेला आहे का तेही विचारा. मग वकिलाकडे जाऊन हिस्सा रीतसर विकत घेण्याचा हिशेब मांडा, आणि जाताना पाच वर्षांची बँक स्टेटमेंटं बरोबर न्या.