दोघं अंपायर असले की कोणाचा कॉल कोणाचा?

भावा, रविवारी गोल्फ क्लब मैदानावर बेसबॉलच्या मॅचला पहिल्यांदा बेस अंपायर म्हणून उभा राहणार आहेस ना, मग एकच गोष्ट मॅचच्या आधी पक्की कर, प्लेटवाल्यासोबत, म्हणजे होम प्लेटमागच्या अंपायरसोबत, पाच मिनिटं बसून कुठला कॉल कोणाचा ते बोलून घे. बॉल-स्ट्राइक (पिचवरचा निर्णय) आणि होम प्लेटवरचे आउट त्याचे, बेसवरचे बहुतेक तुझे. पण फर्स्ट बेसवर रनर असताना आउटफिल्डला हिट गेला आणि तो रनर थेट थर्ड बेसला सुटला तर थर्डचा कॉल प्लेटवाला घेतो, आणि तो पळत येताना "थर्ड माझा" असं ओरडून सांगतो, ते ऐकलं की तू बॅटर-रनरवर, म्हणजे हिट मारून पळणाऱ्यावर, नजर ठेव. हे न ठरवल्यामुळे एकदा आम्ही दोघांनी एकाच प्लेला वेगवेगळे कॉल दिले, फार वाईट वाटलं रे, पोरं घाम गाळून खेळतात.

चेक स्विंगला, म्हणजे बॅटरने बॅट अर्धवट फिरवून थांबवली तेव्हा, प्लेटवाल्याने 'बॉल' असा कॉल दिला आणि तुझ्याकडे बोट केलं तरच बोलायचं. नियम 8.02 स्पष्ट आहे, ज्याचा कॉल त्याने विचारल्याशिवाय दुसऱ्याने मध्ये पडायचं नाही. आणि तुला स्वतःला दिसलं नसेल, मध्ये कोणी आडवं आलं असेल, तर टाइम घेऊन बिनधास्त विचार, प्लेअरपासून लांब जाऊन, हळू आवाजात. बदललेला कॉल मात्र तूच सांगायचा, त्याने नाही.