प्रतिस्पर्ध्याचं बळ मोजताना : वाचकांचे प्रश्न

संरक्षण आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षेविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरं देतो आहे. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं हवाई आणि उपग्रह छायाचित्रं वाचण्यात गेली, त्यामुळे माझा कल पुराव्याकडे अधिक आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : लष्करी संचलनात नवं क्षेपणास्त्र दिसलं, की 'सत्तेचा समतोल बदलला' असं वाहिन्यांवर लगेच सुरू होतं. दाखवलेलं शस्त्र खरोखर वापरात आहे का, हे आमच्यासारख्यांनी कसं ओळखावं? (राज्यशास्त्राची विद्यार्थिनी)

उत्तर : संचलन जरूर बघ, पण शस्त्रांची मोजणी तिथे करू नकोस. जुलै १९५५ मध्ये मॉस्कोजवळच्या तुशिनो विमानतळावर हवाई प्रदर्शन झालं. सोव्हिएत संघाचे नवे 'बायसन' बॉम्बर परदेशी लष्करी प्रतिनिधींच्या डोक्यावरून एकामागून एक तुकड्यांनी गेले. प्रत्यक्षात तीच विमानं नजरेआड जाऊन, वळसा घेऊन पुन्हा येत होती. तेवढ्यावरून वॉशिंग्टनमध्ये सोव्हिएत ताफ्याचे अंदाज फुगले, आपण मागे पडलो असा गजर झाला आणि अमेरिकेने स्वतःच्या बॉम्बरचं उत्पादन वाढवलं. पुढच्या वर्षीच्या जुलैपासून अमेरिकेची यू-२ ही खूप उंचावरून टेहळणी करणारी विमानं सोव्हिएत भूमीवरून उडू लागली. त्यांनी तळांचे फोटो आणले, तेव्हा त्या अंदाजांतली विमानं तळांवर नव्हतीच.

शस्त्र दिसणं आणि शस्त्र लढायला तयार असणं यांत वर्षांचं अंतर असतं. चीनची 'फुजियान' ही विमानवाहू नौका बघ. जून २०२२ मध्ये जलावतरण, मे २०२४ मध्ये पहिली समुद्री चाचणी आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नौदलात प्रवेश. नौदलात आल्यावरही वैमानिकांनी रात्री, खवळलेल्या समुद्रात तिच्यावर उतरायला शिकायचं, सोबतच्या विनाशिका आणि इंधनवाहू जहाजांची घडी बसवायची, हे काम उरतंच. म्हणून बातमी वाचताना स्वतःला साधे प्रश्न विचार. चाचणी झाली आहे का? चालवणारी तुकडी उभी राहिली आहे का? सुटे भाग कुठून येतात? वैमानिक वर्षाला किती तास उडतात? कंटाळवाणे वाटतात, पण माझ्या अनुभवात खरी माहिती यांच्याच उत्तरांत असते.

प्रश्न : आता उपग्रहांची छायाचित्रं खासगी कंपन्या विकतात आणि अभ्यासक घरबसल्या लष्करी तळ शोधून काढतात. मग लपवण्यासारखं काही उरलंय का? (निवृत्त शिक्षक)

उत्तर : सर, पुष्कळ काही उरलंय. आधी जे दिसतं त्याबद्दल सांगतो. २०२१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या बिगरसरकारी अभ्यासकांना चीनच्या गांसू प्रांतातल्या युमेनजवळच्या वाळवंटात क्षेपणास्त्रांच्या भूमिगत सायलोंची, म्हणजे ती ठेवून तिथूनच सोडण्याच्या खोल खड्ड्यांची, बांधकामं सापडली. सुमारे १२० खड्डे, एकमेकांपासून साधारण तीन किलोमीटरवर, जाळीसारखे आखलेले. बांधकाम चालू असताना खड्ड्यांवर मोठे घुमट उभारले होते, त्यांवरूनच ओळख पटली. थोड्याच आठवड्यांत शिनजियांगमधल्या हामीजवळ दुसरं क्षेत्र सापडलं. पूर्वी असा शोध फक्त सरकारांच्या बंद खोल्यांत लागला असता. तो सगळ्या जगाला दिसला, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण त्या छायाचित्रात खड्डा दिसतो, खड्ड्यात काय आहे ते दिसत नाही. शंभर खड्डे खणून मोजक्यांतच क्षेपणास्त्रं ठेवायची आणि शत्रूला सगळ्यांवर नेम धरायला लावायचा, ही जुनी कल्पना आहे. अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या काळात अमेरिकेनेच २०० क्षेपणास्त्रं ४,६०० आश्रयस्थानांत फिरवत ठेवण्याची योजना आखली होती. ती पुढे सोडून दिली, पण युमेनच्या पहिल्या बातम्या आल्या तेव्हा अभ्यासकांनी हीच शक्यता बोलून दाखवली होती. 'खड्डे १२०' हे निरीक्षण झालं. 'क्षेपणास्त्रं १२०' हा तर्क झाला. मी टिपण लिहायचो तेव्हा या दोहोंसाठी वेगळे रकाने ठेवायचो, आणि नव्या मुलांनाही तेच शिकवायचो.

शिवाय ज्याच्यावर नजर आहे, त्यालाही नजरेच्या वेळा ठाऊक असतात. डिसेंबर १९९५ मध्ये पोखरणची तयारी अमेरिकी उपग्रहांनी टिपली आणि दिल्लीवर दबाव आला. मे १९९८ च्या चाचण्यांआधी मात्र काम रात्री व्हायचं, सकाळपर्यंत यंत्रसामग्री पुन्हा जागच्या जागी ठेवली जायची आणि शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात वावरायचे. ११ मे रोजी स्फोट झाले तेव्हा अमेरिकी गुप्तचर यंत्रणेला पूर्वसूचना नव्हती.

आणखी एक उदाहरण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात काहीही लपवलेलं नव्हतं. सोव्हिएत मिग-२५ या लढाऊ विमानाचे फोटो पश्चिमेकडे होते. प्रचंड पंख, प्रचंड इंजिनं. त्यावरून तज्ज्ञांनी ठरवलं, की हे विमान अतिवेगवान तर आहेच, शिवाय हवेतल्या झुंजीत अत्यंत चपळही असणार. अमेरिकेच्या एफ-१५ या लढाऊ विमानाच्या आखणीवर या धास्तीचा परिणाम झाला. ६ सप्टेंबर १९७६ रोजी व्हिक्टर बेलेंको नावाचा सोव्हिएत वैमानिक मिग-२५ घेऊन जपानच्या हाकोदाते विमानतळावर उतरला. विमान उघडून बघितलं, तर मुख्यतः पोलादाचं बनवलेलं, अतिशय जड. एवढे मोठे पंख ते वजन पेलण्यासाठी होते! सरळ रेषेत भन्नाट वेग, पण चपळाई नाही. फोटो खरे होते, मोजमापंही खरी होती, फक्त 'हे असं का बांधलं असेल?' याचं उत्तर भीतीपोटी दिलं गेलं होतं.

प्रश्न : माझा मुलगा सैन्यात आहे. दोन्ही बाजू एकमेकांवर रात्रंदिवस पाळत ठेवतात हे वाचलं की पोटात गोळा येतो. या पाळतीमुळेच एखाद्या दिवशी युद्ध पेटणार नाही ना? (एक आई)

उत्तर : ताई, तुमची भीती निराधार नाही. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत इशारा-यंत्रणेने अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं निघाल्याचं दाखवलं. प्रवासी कोरियन विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडून २६९ माणसं मेल्याला महिनाही झाला नव्हता, वातावरण तापलेलं होतं. ड्यूटीवर लेफ्टनंट कर्नल स्टॅनिस्लाव्ह पेट्रोव्ह होते. हल्ला करायचाच तर कुणी पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल, असा विचार त्यांनी केला. जमिनीवरच्या रडारवरही काही दिसत नव्हतं. त्यांनी वर कळवलं, की इशारा खोटा आहे. उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता.

मात्र या प्रसंगावरून पाळत बंद करावी असं मला वाटत नाही. पेट्रोव्ह यांच्याकडे पडताळायला रडारचा दुसरा डोळा होता, हेही ध्यानात घ्या. एका डोळ्याने पाहणारा लवकर घाबरतो. दुसरा डोळा हवा आणि तिसरं म्हणजे समोरच्याशी बोलायची सोय हवी. भारत आणि पाकिस्तान एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याच्या ३१ डिसेंबर १९८८ च्या करारानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतरही तो क्रम मोडला नाही. २००५ च्या करारानुसार बॅलिस्टिक, म्हणजे उंच जाऊन कमानीसारख्या मार्गाने लक्ष्यावर कोसळणाऱ्या, क्षेपणास्त्राच्या चाचणीची सूचना किमान तीन दिवस आधी द्यावी लागते.

त्यातली त्रुटीही सांगायला हवी. ९ मार्च २०२२ रोजी भारताचं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. पाकिस्तानने ते रडारवर पाहिलं होतं, तरी उलट मारा केला नाही. पाकिस्तानने प्रकार जाहीर केल्यानंतर भारताचं अधिकृत निवेदन आलं ते ११ मार्चला. पुढे चौकशी होऊन हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. ते क्रूझ जातीचं, म्हणजे विमानासारखं हवेतून उडत जाणारं, क्षेपणास्त्र होतं आणि २००५ चा करार फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता आहे. क्रूझ क्षेपणास्त्रंही त्या करारात आणली पाहिजेत, असं मी मनापासून म्हणतो. तुमच्या मुलाच्या सुरक्षेशी त्याचा थेट संबंध आहे.

सूचना दिली एवढ्यानेही भागत नाही, ती रडारसमोर बसलेल्या माणसापर्यंत पोचावी लागते. २५ जानेवारी १९९५ रोजी नॉर्वेने ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी अग्निबाण सोडला. रशियाला आधी कळवलं होतं, पण निरोप रडारवरच्या लोकांपर्यंत गेलाच नव्हता. अध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रं डागण्याचा आदेश देण्याची पेटी उघडली गेली, आणि काही मिनिटांनी धोका नसल्याचं स्पष्ट झालं.

प्रश्न : देशांच्या संरक्षण खर्चाची तुलना करून ताकद ठरवता येते का? (बँक कर्मचारी)

उत्तर : ढोबळमानाने येते. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च २ लाख ७१ हजार ८०० कोटी डॉलर होता. त्यात अमेरिका ९९ हजार ७०० कोटी आणि चीन ३१ हजार ४०० कोटी. चीनने स्वतः जाहीर केलेला आकडा मात्र सुमारे २३ हजार कोटींचा, कारण काही खर्च तो या सदरात धरत नाही. शिवाय सैनिकाचा पगार आणि जहाजबांधणीची मजुरी देशोदेशी वेगळी, त्यामुळे एका डॉलरमध्ये सगळीकडे सारखंच बळ विकत मिळत नाही. एका वर्षाच्या आकड्यापेक्षा एकाच देशाची दहा वर्षांची चढण बघा.

प्रश्न : अमेरिका आणि रशिया यांच्यातला अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा 'न्यू स्टार्ट' करार संपला. दोघांकडे हजारो अण्वस्त्रं आहेतच, मग कागद संपल्याने काय बिघडलं? (अभियंता)

उत्तर : बरंच बिघडलं, आणि मला त्याचं खरोखर दुःख आहे. प्रत्येकी १,५५० तैनात अण्वस्त्रं आणि ७०० तैनात क्षेपणास्त्रं व बॉम्बर ही मर्यादा सगळ्यांना माहीत असते. पण त्या कराराने वर्षाला १८ प्रत्यक्ष तपासण्यांची मुभा दिली होती. निरीक्षक तळावर जायचे, एखादं क्षेपणास्त्र निवडायचे आणि त्याच्या टोकाशी किती अण्वस्त्रं बसवली आहेत ते झाकलेल्या अवस्थेतच मोजायचे. कुठलाही उपग्रह हे काम करू शकत नाही. मार्च २०२० मध्ये साथीमुळे तपासण्या थांबल्या त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये रशियाने सहभाग स्थगित केला. मुदतवाढ एकदाच देता येत होती, ती २०२१ मध्ये वापरून झाली होती. ५ फेब्रुवारी २०२६ ला मुदत संपली.

आकडे कळेनासे झाले की काय होतं, त्याचा दाखला आहे. १९६० च्या अमेरिकी निवडणुकीत सोव्हिएत क्षेपणास्त्रांनी आपल्याला मागे टाकल्याचा मोठा मुद्दा होता. ऑगस्ट १९६० पासून 'कोरोना' या अमेरिकी हेरगिरी उपग्रहांची फिल्म येऊ लागली आणि सप्टेंबर १९६१ पर्यंत अमेरिकेचा अंदाज १० ते २५ आंतरखंडीय क्षेपणास्त्रांवर उतरला. प्रत्यक्षात तळावर चार होती. दरम्यान अमेरिकेचा शेकडो 'मिनिटमन' क्षेपणास्त्रं उभारण्याचा कार्यक्रम सुरू झालेला होता, आणि सोव्हिएत संघाने पुढच्या दशकभरात ती बरोबरी गाठलीच.

अगदी सगळे दोर तुटलेले नाहीत. क्षेपणास्त्र सोडण्याआधी किमान २४ तास कळवण्याचा मे १९८८ चा अमेरिका-सोव्हिएत करार वेगळा आहे, आणि २०२३ मध्ये 'न्यू स्टार्ट'मधला सहभाग थांबवतानाही ही पूर्वसूचना देत राहू, असं रशियाने सांगितलं होतं. नव्या बोलण्यांत मर्यादेचा आकडा ठरायला वेळ लागेल. तोवर निदान निरीक्षकांच्या भेटी तरी सुरू कराव्यात, अण्वस्त्रांची संख्या कितीही असो.